कर्ता गाळलेली वाक्यं

"चालकाने यंत्राजवळ थांबावे. विचित्र आवाज काढू लागल्यास त्यास ताबडतोब बंद करावे. त्याची वीज तोडावी आणि मगच उघडून तपासावे."

मानवत रोडच्या एका जिनिंग मिलमध्ये, नव्या चिनी यंत्राशेजारी ही पाटी लावलेली होती. पिवळ्यावर लाल अक्षरं, दुरून वाचता येतील अशी. यंत्रावरचे चालक सलीमभाई मला पाटीपुढे घेऊन गेले आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाले, "मॅडम, मला दम्याचा त्रास हाय. थंडीत छातीतून आवाज निघतो. ह्यांनी मला बंद केलं तर एक येळ चालंल, पर उघडून बघायचं म्हणल्यावर घरी सांगून यावं लागंल."

सगळी मिल हसली, मीही हसले. मग कापसाच्या गठाणीवर बसून मूळ चिनी पुस्तिका उघडली.

मूळ वाक्य एकच होतं. शेवटी एक पूर्णविराम आणि आत सगळे स्वल्पविराम. शब्दाला शब्द ठेवला तर साधारण असं: 'चालक यंत्राजवळ राहावे, वेगळा आवाज आढळला, लगेच थांबवावे, वीज तोडावी, मगच उघडून तपासता येते.' चालक हा शब्द पहिल्या तुकड्यात एकदा येऊन गेला. आवाज कशाचा, थांबवायचं काय, उघडायचं काय, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. चिनी वाचकासाठी ते लिहावं लागत नाही. ऐकणारा चालक, थांबवणारा चालक, उघडणारा चालक, आवाज मात्र यंत्राचा, हे त्याला वाचता वाचता कळतं. पाटी बनवणाऱ्याने भाषांतर संगणकाकडून करून घेतलं होतं आणि संगणकाने रिकाम्या जागा आपल्या मनाने भरल्या होत्या.

गंमत खरी, पण त्या यंत्राच्या दातेरी पात्यांत बोट गेलं तर ते परत मिळत नाही. मी तिथेच नवी पाटी लिहून दिली: 'यंत्र चालू असताना चालकाने जागा सोडू नये. यंत्रातून वेगळा आवाज आला तर चालकाने यंत्र लगेच थांबवावे, वीज तोडावी, त्यानंतरच यंत्राचे झाकण उघडावे.' मुळात एकदा आलेला 'यंत्र' हा शब्द माझ्या पाटीवर चार वेळा आला. एरवी मी शब्दांची कंजूष आहे, पण माणसाच्या बोटांचा प्रश्न असला की सढळ हाताने वाढते.

माझी नोकरी ही अशी. चिनी मजकुराचं मराठीत भाषांतर करणं, आणि चिनी इंजिनियर आले की त्यांच्या आणि इथल्या फिटरांच्या मध्ये उभं राहणं. पुण्याच्या एका यंत्रं आयात करणाऱ्या कंपनीत मी निवृत्त होईपर्यंत हेच केलं. डाळ मिल, जिनिंग, ठिबकचे पाइप ओतणारी यंत्रं, हळद शिजवायचे बॉयलर, जिथे जिथे चिनी यंत्र उतरलं तिथे तिथे त्याच्या पाठोपाठ मी उतरले. निवृत्तीनंतर परभणीला परतले आणि आता वसमत रस्त्यावरच्या घरातून येईल ते काम करते. परभणीत या धंद्यातलं दुसरं कोणी मला अजून भेटलेलं नाही. त्यामुळे बाजारात ओळख करून देताना लोक म्हणतात, "ह्या चिनी मॅडम." भाजीवाली एकदा निरखून म्हणाली, "दिसत न्हाईत तशा."

वडील झरीला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आमच्या घरात शिक्षणाला देवासारखं मानायचे, आणि देव नव्हतेच, त्यामुळे सगळा मान शिक्षणालाच मिळायचा. बी. ए. झाल्यावर मला दिल्लीला परदेशी भाषेच्या वर्गात प्रवेश मिळाला. जपानी, जर्मन भरलं होतं, चिनीत जागा होत्या. वस्तीतल्या लोकांनी वडिलांना विचारलं, "गुरुजी, पोरीला चिनी शिकवून करायलाव काय?" वडील म्हणाले, "ज्या देशात बुद्ध चालत गेले न्हाईत पण त्यांचा धम्म गेला, तिथली भाषा आपल्या घरात एकाला तरी यायला पाहिजे." हे त्यांना आयत्या वेळी सुचलं असावं. पण मला ते पुढे कायम पुरलं.

दिल्लीत आम्हाला लिन बाई शिकवायच्या. जन्म कलकत्त्याचा, आजी-आजोबा चीनमधून आलेले, हिंदी बंगाली वळणाची. पहिल्या वर्षी चिन्हं पाठ करण्यात दम निघाला. दुसऱ्या वर्षी परिच्छेद आले आणि खरी फजिती सुरू झाली. एक उतारा एका म्हाताऱ्या आजोबांवर होता. आजोबा उठतात, चहा घेतात, अंगणात बसतात, पाय दुखतात, कोणाशी बोलत नाहीत, असा. 'आजोबा' हा शब्द सुरुवातीला एकदा आणि मग नुसते स्वल्पविराम. आम्ही सगळ्यांनी भाषांतरात प्रत्येक तुकड्याला 'ते, ते, ते' असं लावलं. उलट चिनीत लिहायला दिलं तेव्हाही प्रत्येक तुकड्यात आजोबांना आणून उभं केलं. लिन बाईंनी वह्या बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "तुम लोग दादाजी को कितना बार बुलाएगा? बूढ़ा आदमी है. एक बार बुलाया, आ गया, बैठा है. अब बात करो ना."

मग त्यांनी समजावलं. चिनी लेखनात ज्याच्याविषयी बोलायचं त्याला वाक्याच्या तोंडाशी बसवायचं. त्यानंतरचे तुकडे त्याच्याविषयी असतात. त्याचं नाव पुन्हा घ्यायची गरज नसते. मधल्या एखाद्या तुकड्यात त्याचे पाय येतील, त्याची सून येईल, त्याचं घर येईल, तरी बोलणं त्याचंच चाललेलं असतं. त्याच्याविषयी बोलून झालं की पूर्णविराम. म्हणून चिनी वाक्य कुठे संपतं हे व्याकरणावर कमी आणि विषय कधी संपला यावर जास्त ठरतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हारे मराठी में ऐसा नहीं होता?"

मी छातीठोकपणे म्हणाले, "नहीं मॅडम. मराठी में कर्ता, कर्म, क्रियापद होता है."

दिवाळीच्या सुटीत घरी आले. शेजारच्या माणसाला गोऱ्हा घ्यायचा होता, वडिलांना सोबत नेलं, मीही मागे मागे गेले. परभणीच्या जनावरांच्या बाजारात एक दाढीवाले गृहस्थ गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते:

"ह्यो गोऱ्हा, जिंतूरकडचा, खांदा कोरा, शिंगं सारखी, लाथ न्हाई, लेकरं पाठीवर बसत्यात, पेंड लागत न्हाई, कडब्यावर खूश, घरचा हाय, नाइलाज हाय म्हणून द्यायलोय, बघा."

मी जागच्या जागी थांबले. खांदा गोऱ्ह्याचा, शिंगं गोऱ्ह्याची, लाथ गोऱ्ह्याची. बसणारी लेकरं. खूश गोऱ्हा. नाइलाज मालकाचा. आणि बघायचं आम्ही. एवढी माणसं-जनावरं त्या एका वाक्यात आली-गेली, गोऱ्ह्याचं नाव मात्र एकदाच घेतलं, आणि बाजारात कोणालाही शंका आली नाही की कडब्यावर खूश कोण.

सुटी संपल्यावर ते वाक्य मी लिन बाईंना ऐकवलं. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि त्याचं चिनी करायला लावलं. जवळजवळ शब्दाला शब्द बसलं. वर्ग बघत राहिला. लिन बाई म्हणाल्या, "तुम्हारा बैल पास हो गया. अब तुम भी हो जाएगा." मी झाले. लिन बाई आता नाहीत. त्या असताना परभणीचा तो बाजार त्यांना एकदा दाखवायला हवा होता, असं फार वाटतं.

मग अवघड काय, असं कोणी विचारेल. अवघड हे की चिनी क्रियापद बाई-पुरुष बघत नाही, एक-अनेक बघत नाही, मी-तू बघत नाही. मराठी क्रियापद सगळं बघतं. चिनीत 'जाणे' या एका चिन्हावर काम भागतं. मराठीत 'गेली' म्हटलं की बाई ठरली, 'गेलो' म्हटलं की मी ठरलो. म्हणजे मुळात उघडी सोडलेली जागा मराठीत आणताना मला बहुधा कोणाला तरी बसवावंच लागतं. चुकीचा माणूस बसला तर सलीमभाईंना उघडून बघायची वेळ येते. आता कंपन्या संगणकाकडून भाषांतर करून घेतात आणि माझ्याकडे 'फक्त नजर टाका' म्हणून पाठवतात. संगणकाबद्दल माझी तक्रार कमी आहे. तो चटकन काम करतो, चहा मागत नाही. पण नाव लिहिलेलं नसेल तिथे थांबून विचारावं, ही रीत त्याला कोणी लावलेली दिसत नाही.

आता ज्या कामासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते.

त्या जिनिंग मिलमध्ये यंत्रांचे सुटे भाग पुरवायला एकनाथ नावाचा तरुण यायचा. झरीचा. काही वर्षं चीनमध्ये एका व्यापाऱ्याच्या गोदामात कामाला होता. तिथेच त्याने एका चिनी मुलीशी लग्न केलं. वडील वारले तेव्हा शेतीसाठी बायकोला घेऊन गावी आला आणि परभणीत सुट्या भागांचं दुकान टाकलं. चिनी बोलायचा झकास, गोदामातलं चिनी, शिव्यांसकट. वाचता मात्र येत नव्हतं.

एका दुपारी तो माझ्या घरी आला. चपला काढायचंही भान नव्हतं. म्हणाला, "ताई, शामा माहेरी जायचं म्हणायलीय. कायमचं."

शामा म्हणजे त्याची बायको. खरं नाव श्याओमेई. झरीने पहिल्याच आठवड्यात तिची शामा करून टाकली होती.

"झालं काय?" मी विचारलं.

"आईनं तिची भाजी उपटली."

हळूहळू सगळं कळलं. शामाने माहेराहून बी आणलं होतं, पांढऱ्या देठाच्या एका पालेभाजीचं. घरामागे हौदाशेजारी वाफा करून तिने ते पेरलं होतं. रोज पाणी घालायची, वाकून वाकून बघायची. एके दिवशी एकनाथ नांदेडला गेलेला असताना सासूबाई, कौसाबाई, खुरपं घेऊन बसल्या आणि गवत म्हणून सगळा वाफा साफ केला. तेव्हापासून शामा बोलेना. जेवण करते, भांडी घासते, म्हशीला पाणी दाखवते, पण सासूशी एक शब्द नाही. आणि आता जायचं म्हणते.

"भाजीसाठी कुणी संसार मोडत नाही, एकनाथ," मी म्हणाले.

"तेच की. मी इचारलं तर म्हणती, तुझ्या आईला मी नको हाय. आई म्हणती, मी तसं कधीच म्हणले न्हाई. मधी मी खुळा व्हायलोय." त्याने फोन पुढे केला. "आता तिच्या आईनं हे पाठवलंय, माझ्या आईसाठी. मी फोनमधनंच मराठी करून आईला वाचून दाखवलं, तर आई आणखीच भडकली. तुमी बघा जरा."

मेसेज मोठा होता. शामाची आई एका लहान गावात राहणारी, शेती करणारी बाई. लिहिलेलं सगळं एका दमात, स्वल्पविरामांवर स्वल्पविराम, पूर्णविराम शेवटी. मी शब्दाला शब्द असा कच्चा खर्डा केला:

'आमची श्याओमेई, लहानपणापासून हट्टी, तोंड कडक मन मऊ, राग आला बोलत नाही, बोललं की झालं, स्वयंपाक फार येत नाही, शिकवलं की शिकते, चुकलं तर रागवा, उपाशी ठेवू नका, दूर आहे, डोळ्यांसमोर नाही, रात्री झोप नाही, तुमच्या हाती दिली.'

"फोनने काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"शेवटी असं आलं की ती रात्री झोपत न्हाई. आई म्हणली, 'झोपत न्हाई? भिंतीपल्याड मला घोरणं ऐकू येतंय! माझ्या घरात झोप न्हाई म्हणून आईला सांगायलीय व्हय?'"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. 'रात्री झोप नाही' या तुकड्यापर्यंत येताना बोलणं श्याओमेईवरून हललं होतं. दूर आहे, इथपर्यंत लेक. डोळ्यांसमोर नाही, तीही लेकच, पण डोळे आईचे. आणि मग झोप नाही, ती आईला. आपल्याविषयी तिने तेवढंच लिहिलं होतं, त्यातही 'मला' हा शब्द नव्हता. फोनने ती झोप उचलून लेकीच्या खात्यावर टाकली होती.

तिथे मला शंका नव्हती. माझी गाडी अडली ती आधी, 'बोललं की झालं' पाशी. चिनीत 'श्वो ल ज्यौ हाओ'. बोललं, की बरं. कोणी बोललं की? ती बोलली की तिचा राग जातो, असा अर्थ असेल तर आई सांगते आहे की वाट बघा. तुम्ही बोललात की तिचा राग जातो, असा असेल तर आई सांगते आहे की पुढाकार घ्या. दोन्ही बसत होते. आणि झरीच्या त्या घरात नेमकं यावरच सगळं अडलेलं होतं, की आधी बोलायचं कोणी.

खर्डा पर्समध्ये टाकला आणि एकनाथच्या मोटारसायकलवर मागे बसून झरीला गेले.

कौसाबाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "तुमी गुरुजींची लेक नव्हं का? तिसरीपस्तोर त्यांच्याच हाताखाली होते मी. लय मारायचे, पर अक्षर वळवलं." मग आवाज उतरला. "बघा काय होऊन बसलंय."

मी म्हणाले, "काय झालं ते तुम्हीच सांगा."

"मला काय ठाव ती भाजी हाय? पानं दिसली मव्हरीवानी, म्हणलं वाफ्यात गवत माजलंय, पोरीला जमत न्हाई, आपण काढून द्यावं. लय मन लावून खुरपलं बाई. एक काडी ठेवली न्हाई. ती आली, बघितलं, रडायलाच लागली. तवा उमगलं काहीतरी चुकलं."

"मग तुम्ही बोललात तिच्याशी?"

"बोलले की! तिच्या फोनात मराठी बोललं की चिनी निघतंय, तिनंच दाखवलं होतं. त्यात बोलले, 'गवत समजून उपटलं गं बाई, मनावर घेऊ नको.' तिनं वाचलं, फोन ठेवला, आत गेली. तवाधरनं बोलंना गेलीय. एवढं गोड बोलून बी बोलंना म्हणल्यावर म्या बी म्हणलं, जाऊ दे. मी सासू हाय, किती वाकू?"

मी आत गेले. शामा चुलीपाशी बसून होती. माझं चिनी ऐकल्यावर तिचे डोळे भरून आले. माझं बोलणं पुस्तकी, तिचं दक्षिणेकडच्या वळणाचं, तरी जमलं. मी तिला विचारलं, फोनवर सासूबाईंनी काय म्हटलं होतं?

ती मराठीतच म्हणाली, "आई म्हणली, तुला गवत समजून उपटलं. मी गवत."

कौसाबाईंच्या वाक्यात काय उपटलं ते नव्हतं. समोर उघडा वाफा होता, हातात खुरपं होतं, सांगायची गरजच नव्हती. फोनला वाफा दिसत नव्हता. त्याला तिथे कोणीतरी बसवायचं होतं, त्याने ऐकणारीलाच बसवलं. 'तुला गवत समजून उपटून टाकलं, मनाला लावून घेऊ नकोस.' परक्या देशात, परक्या घरात, नवरा नांदेडला गेलेला, आणि हातातल्या फोनवर हे वाक्य. मी तिच्या जागी असते तर बॅग भरायला इतके दिवस थांबले नसते.

मी तिला चिनीत म्हणाले, "सासूबाई काय म्हणाल्या ते तू तुझ्या भाषेत म्हण. काय उपटलं ते सांगू नकोस. गवत समजून, उपटलं, एवढंच."

तिने म्हटलं. हळू, एकेक शब्द. मग पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी तिचा हात तोंडावर गेला.

"आमच्या गावात आजी असंच बोलते," ती म्हणाली. "मी भाजी उपटलेली बघितली होती. मला कळायला हवं होतं."

"तू वाचलंस ते फोनचं वाक्य होतं," मी म्हणाले. "त्यांचं तुझ्यापर्यंत आलंच नव्हतं."

मग मी माझी अडचण तिच्यापुढे ठेवली. तुझ्या आईने लिहिलंय, बोललं की झालं. कोणी बोललं की? तू की सासूबाई?

शामाने मेसेज बघितला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली असावी. "आई नेहमी असंच म्हणते. मी लहान असताना आमचं भांडण झालं की बाबा विचारायचे, आधी कोण बोलणार? आई म्हणायची, बोललं की झालं."

तिच्या आईने ती जागा मुद्दाम उघडी सोडलेली होती, हे मला तेव्हा कळलं. आणि माझ्या लक्षात आलं की मराठीने मला इथे मोकळं सोडलंय. 'बोललं की झालं' यात बाई नाही, पुरुष नाही, मी नाही, तू नाही. माझ्या कच्च्या खर्ड्यातले शब्दच पक्के होते. एवढ्या वर्षांत इतकं बेतलेलं वाक्य माझ्या हाताला क्वचितच लागलं असेल, आणि तेही आयतं, झरीच्या रोजच्या बोलण्यातलं.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. आधी कौसाबाईंना फोनचा घोटाळा सांगितला. त्या ऐकत राहिल्या, शेंगांवरचा हात थांबला. "म्हंजी तिला वाटलं मी तिला..." मग मी विहीणबाईंचा मेसेज वाचायला घेतला. शामा दाराशी येऊन उभी होती. एकनाथ मोटारसायकलला टेकून.

"'आमची श्याओमेई, लहानपणापासून हट्टी, तोंड कडक मन मऊ.'"

"हे खरं हाय," कौसाबाई म्हणाल्या.

"'राग आला बोलत नाही, बोललं की झालं.'"

"कुणी?"

"ते त्यांनी लिहिलं नाही."

कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग खाली. "पुढं वाचा."

"'स्वयंपाक फार येत नाही, शिकवलं की शिकते, चुकलं तर रागवा, उपाशी ठेवू नका, दूर आहे, डोळ्यांसमोर नाही, रात्री झोप नाही...'"

"हां, हेच! एकनाथनं हेच वाचलं. माझ्या घरात पोरीला झोप न्हाई म्हणून!"

"पोरीला नाही हो," मी म्हणाले. "झोप तिच्या आईला नाही."

कौसाबाईंचीही एक लेक आहे, येलदरीकडे दिलेली. मला ते नंतर कळलं, पण त्या क्षणी चेहऱ्यावर सगळं होतं. पदराने डोळ्यांच्या कडा पुसल्या, सूप बाजूला सारलं आणि दाराकडे न बघता म्हणाल्या, "शामा, चहा तू टाकतीस का मी टाकू?"

"मी टाकते," शामा म्हणाली. दाराच्या चौकटीवरचा हात सुटला. "आई, तुमाला साखर कमी. डॉक्टर म्हणलाय."

"बघा, कशी दम द्यायलीय," कौसाबाई मला म्हणाल्या. आवाजात इतकं समाधान होतं की एकनाथने तोंड फिरवलं आणि मोटारसायकलचा आरसा पुसायला लागला.

चहा झाला. मग कौसाबाई म्हणाल्या, "तुमी तिच्या आईला माझं लिव्हा. फोनात न्हाई बोलायची मी. तुमच्या हातानं लिव्हा." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी थेट चिनीत उतरवत गेले, शामा खांद्यावरून वाचत होती.

"विहीणबाई, रामराम. पोरगी बरी हाय, जेवती, भाकर थापायला शिकली, जाड होती पर गोल होती, म्हशीला भेत न्हाई. भाजी म्या उपटली. बी हाय, परत पेरायची, आता खुरप्याला हात लावायचा तर आधी इचारून. रागवत जा म्हणलाव, रागवते, तुमी काळजी करू नका. झोपत जा."

मी लिहिता लिहिता थांबले. एवढ्या सांगण्यात त्यांनी स्वतःचं नाव एकदाच घेतलं होतं, 'म्या उपटली' इथे. बाकी सगळीकडे गाळलेलं. मी चिनीतही तसंच ठेवलं. 'मी' हे चिन्ह एकदाच, भाजीपाशी. शामाने ते बघितलं आणि माझ्या खांद्यावर तिचा हात क्षणभर जड झाला.

मेसेज गेला तेव्हा इथे संध्याकाळ होती, तिकडे त्याहून उशीर. एकनाथ मला परभणीला सोडायला निघाला, तेव्हा कौसाबाईंनी ओंजळभर शेंगा माझ्या पर्समध्ये कोंबल्या, माझ्या कागदांवरच. त्यांच्या मागे शामा हौदाशेजारच्या वाफ्यात उभी होती, पायाने माती मोकळी करत.

कामाची वर्षं मोजली तर बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकांतच गेली. एखादं मोठं पुस्तक, एखादी कादंबरी मराठीत आणावी असं फार वाटायचं, ते राहिलं. पण त्या संध्याकाळी गाडीवर मागे बसून येताना त्याची खंत टोचली नाही. ही भाषा मला शिकवणाऱ्यांचे, आणि ज्या बोलीत मी वाढले तिचे, आभार मानत होते, मनातल्या मनात, गाडीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही असे.

सकाळी एकनाथने विहीणबाईंचं उत्तर पुढे पाठवलं. एवढ्या मोठ्या मेसेजला तीनच चिन्हं. मी फोन लावला, कौसाबाईंना बोलवायला सांगितलं आणि वाचून दाखवलं:

'झोप लागली.'

कोणाला, ते लिहिलेलं नव्हतं. कौसाबाईंनी या वेळी विचारलं नाही. म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि फोन शामाकडे दिला.